अस्तरातली गाठ

१२ जानेवारी

मांजराच्या मालकिणीस,

तुझा मामा काल दुपारी टोपली घेऊन आला. दुकानाच्या पायरीवर ठेवली आणि चहासुद्धा न घेता निघाला. जाता जाता एवढं सांगितलं की तुझी बोट सकाळीच सुटली, सहा महिने तू त्या बेटावरच्या हवामान केंद्रात वारा मोजत बसणार, तिथं फोन लागत नाही आणि टपाल आठवड्यातून एकदा, मंगळवारी जातं. हे तुझ्या तोंडून कळलं असतं तर बरं वाटलं असतं. असो.

मामीला मांजराच्या केसांनी शिंका येतात, म्हणून टोपलीतली बटण माझ्याकडे आली. हेही मामानं तोंडावर सांगितलं. म्हणजे मामीचं नाक जरा धड असतं तर मला पत्ताच लागला नसता. दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, ते मांजराच्या सूचनांच्या कागदावर. एकाखाली एक अकरा सूचना. वर 'बाबा' नाही, खाली नाव नाही. भाडेकरूला नळ कसा बंद करायचा ते लिहून देतात, तशी यादी. आणि अकरावी सूचना वाचून तर मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. 'अठ्ठावीस जूनला मामा येऊन मांजर धक्क्यावर आणेल.' म्हणजे तू घरी यायचं नाहीस, मी धक्क्यावर यायचं नाही. बरं.

टोपलीतून बाईसाहेब बाहेर आल्या आणि कपाटाखाली गेल्या. मी तिला विसरलो होतो असं नाही, नऊ वर्षं ती याच घरात होती. पण तेव्हा तिचं सगळं तुझी आई करायची, नाहीतर तू. माझा आणि तिचा करार एकच होता, दुकानाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. काळ्या सुटावर तिचा एक पांढरा केस दिसला की गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघतं. तू तिला घेऊन गेलीस तेव्हा खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

तू जाताना दारात जे म्हणालीस ते मी विसरलेलो नाही. 'एकदा खरं सांगा, त्या दिवशी मी येईन.' माझं उत्तर तेव्हा होतं तेच आहे. तुझ्या आईनं सांगितलं, मी तिचे केस कापले. पुन्हा तो विषय नको.

मांजर सांभाळतो. काळजी नसावी.

कोट शिवणारा


३ फेब्रुवारी

बटणच्या मालकिणीस,

कार्ड मिळालं. पुन्हा सूचना नंबर तीन! 'रोज लोखंडी कंगवा, मुळापासून.' अगं, एकदा लिहिलेलं मला कळतं. चाळीस वर्षं मी मखमल हाताळतोय. लव कुठल्या अंगाला जाते, कुठे उलटा हात फिरवला की कापड काळं पडतं, हे मला कुणी शिकवायला नको.

ते राहू दे. तुझी बटण सध्या कशी दिसते ते ऐक. गळ्याभोवतीची झालर एवढी भरलीय की थंडीच्या कोटाची फरची कॉलर लावल्यासारखी वाटते. पाय आखूड, अंग रुंद, शेपूट म्हणजे बाटली धुवायचा ब्रश. कान एवढेसे, केसांत शोधावे लागतात. आणि ते तोंड! काचेला नाक लावून कुणीतरी आत डोकावतंय आणि तसंच राहिलंय. त्या चपट्या नाकामुळे बसल्या बसल्या घोरते, डोळ्यांतून पाणी गळतं आणि गालावर तपकिरी ओघळ पडतात. सूचना नंबर पाचप्रमाणे सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात मलमल बुडवून पुसतो. पहिल्या दिवशी ओरबाडलं. आता पुसून घेते, पण मेहेरबानी केल्यासारखी. डोळे मात्र तसेच आहेत. जुन्या कोटाची तांब्याची बटणं. तुझ्या आईनं नाव अगदी नेमकं ठेवलं होतं.

आता दुकानात येते. मी आणली नाही, तीच आली. कापणीच्या टेबलावर उन्हाचा चौकोन पडतो तिथं बसते. गिऱ्हाईक आधी तिला विचारतं, मग मला. काल एक वकीलबाई माप द्यायला आल्या आणि म्हणाल्या, किती झळझळीत ठेवलीय हो तुम्ही! मी कोटाचा ब्रश वापरतो, घोड्याच्या केसांचा, मऊ. त्यानं रोज दहा मिनिटं. कंगवा आत घातला की ही गुरगुरते, आणि तिला नको ते मी का करू? ब्रशानं छान चालतंय. तू बघितलंस तर ओळखणार नाहीस.

कोट शिवणारा


२३ फेब्रुवारी

बटण मजेत आहे. खाते, झोपते, घोरते.

एक सहज विचारायचं होतं. पुढच्या पायांच्या काखेत आणि कानांच्या मागे तिचे केस जरा घट्ट लागतात. तसेच असतात का? वरून काही दिसत नाही, वरून झकास आहे. हात आत घातला की लागतं. घाई नाही. मंगळवारच्या बोटीनं लिहिलंस तरी चालेल. मंगळवारीच लिही.


८ मार्च

तुझं कार्ड आज आलं. 'गाठी आहेत. पाणी लावू नका. कॉर्नफ्लॉवर टाकून बोटांनी सोडवा.'

मी तिला काल आंघोळ घातली.

हसू नकोस. किंवा हस, पण ऐक. मला वाटलं, मऊ पडतील आणि सुटतील. कोमट पाणी, साबण, बादलीत तिचे चारही पाय चार दिशांना. माझ्या हाताची चाळण झाली. वाळल्यावर बघतो तर प्रत्येक गाठ दगड झालेली. लोकर गरम पाण्यात आवळते, हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो. 'घरी धुऊ नका हो, आटेल,' हे वाक्य मी झोपेतही म्हणेन. आणि स्वतः लोकरीच्या गोळ्याला बादलीत बसवलं.

आता मला तिची रचना कळलीय. वरचे लांब केस हे कापड. त्याखाली आखूड, दाट, कापसासारखे केस असतात, ते अस्तर. मी महिनाभर कापडावर ब्रश फिरवत होतो आणि अस्तर आतल्या आत गुंतत होतं. थंडी सरली की ते अस्तर गळायला लागतं, गळलेलं बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि मग त्याचा नमदा होतो, दाबून घट्ट केलेल्या लोकरीसारखा. वरून माणसाला काही म्हणजे काही दिसत नाही.

बाकी ठीक. काखेत थोडं खरचटलंय. स्वतःच्याच नखानं असेल.


१५ मार्च

नखानं नव्हे.

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि त्यातलं शेवटचं वाक्य आठवडाभर मला टोचत राहिलं. तू ते वाचलं असशील, आणि तुझी ती डावी भुवई वर गेली असेल. तर लिहून टाकतो.

आंघोळीनंतर डाव्या काखेतली गाठ एवढी आवळली की तिला पाय टाकता येईना. लंगडायला लागली. मी धागे तोडायची छोटी कात्री घेतली. म्हटलं, चाळीस वर्षांत या हातानं एक कापड वाकडं कापलेलं नाही, एक गाठ ती काय. आणि कापडाला करतो तेच केलं. डाव्या हातानं गाठ धरून वर ओढली, ताणली, आणि तिच्याखालून कात्री घातली. कापड ओढलं की ताठ होतं. कातडं ओढलं की गाठीबरोबर वर येतं, तंबूसारखं. मी केस कापले नाहीत. मी तिला कापलं.

ती ओरडली नाही ग. नुसती माझ्याकडे बघत राहिली. रक्तसुद्धा फार नव्हतं, पण आतलं गुलाबी दिसत होतं, दोन बोटं रुंद. दुकान उघडं टाकलं, तिला अर्धवट शिवलेल्या कोटात गुंडाळलं आणि कोपऱ्यावरच्या जनावरांच्या दवाखान्यात धावलो. माझ्या वयाचा माणूस भर रस्त्यात धावताना लोकांनी बघितला.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तुझ्याएवढ्या. आधी सुई हातात घेतली. चार टाके. मी शेजारी उभा होतो. टाके सुरेख घातले, एकसारखे, प्रत्येकाला वेगळी गाठ. मी ते बोललोही. त्या म्हणाल्या, शिंपी आहात का? मी हो म्हणालो आणि मला रडायला आलं. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.

मग त्यांनी सगळं अंग तपासलं. तेवीस गाठी. दोन रस्ते आहेत म्हणाल्या. एक, भूल देऊन सगळं अंग मशिनीनं भादरायचं. पण अकरा वर्षांचं मांजर, त्यात हे चपटं नाक, श्वासाचा भरवसा नाही. दुसरा रस्ता, हातानं सोडवायच्या. त्याला महिना लागेल. मी विचारलं, हातानं सुटतात? तर त्या म्हणाल्या, "सगळ्या सुटतात. कापायला दोन मिनिटं लागतात, काका, म्हणून लोक कापतात."

टाके दहाव्या दिवशी, म्हणजे आणखी तीन दिवसांनी निघतील. तू रागावणार. रागाव. पण मांजर जिवंत आहे, खातंय, आणि रात्री माझ्याच उशाशी येऊन झोपलं. मला तेच सोसवेना.

बाबा


१२ एप्रिल

टाचणी,

हे नाव लिहिलं, चालेल ना? लहानपणी बारीक होतीस आणि कुठेही बसलीस की टोचायचीस. तुला हे नाव आवडायचं नाही हे ठाऊक आहे, पण दुसरं माझ्या लेखणीतून उतरत नाही.

मला वाटलं होतं, तुझ्या कार्डावर निखारे असतील. आलं ते एवढंच, 'टाके निघाले का? डाव्या कानाच्या पुढं खाजवलं की ती शांत होते.' ते मी चार वेळा वाचलं. टाके निघाले. जखम भरली, तिथं गुलाबी रेघ आहे आणि तिच्यावर कोवळी लव यायला लागलीय.

आता कामाचं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की घरातल्या कात्र्या कपाटात ठेवा आणि शिवण उसवता तसं करा. मी तसं करतो. दुपारी दोनला दुकानाचं दार लोटून घेतो. कापणीच्या टेबलावर जुनी चादर, त्यावर ती, उन्हाच्या बाजूला तोंड करून. खाकी कागदावर तिचा बेत काढलाय, कोटाचा काढतात तसाच. पाठ, दोन कुशी, पोट, चार बाह्या, कॉलर. त्यावर खडूनं तेवीस फुल्या. सुटली गाठ की फुली पुसायची. एका दुपारी एक गाठ, त्याहून जास्त ती करू देत नाही. वीस मिनिटं झाली की शेपटी आपटते. मग मी थांबतो. आधी थांबत नव्हतो, तेव्हा अंगठ्याला दात लागले.

गाठ कशी सुटते सांगू? मुळाशी हात घालायचाच नाही. मुळाशी दोन बोटांनी केस घट्ट धरायचे, म्हणजे कातड्याला ओढ बसत नाही. चिमूटभर पीठ चोळायचं. आणि टोकाकडून, अगदी टोकाकडून, एक एक केस बाजूला काढायचा. पहिली दहा मिनिटं वाटतं, काही होत नाहीये, उगाच बसलोय. मग एकदम एक बट सैल होते. मग कंगव्याचं एक टोक आत जातं, मग दुसरं. शेवटी हातात कापसाचा बोळा उरतो आणि खाली कातडं दिसतं, लालसर, बिचारं, महिन्यानं वारा लागलेलं. परवा पोटाखालची मोठी सुटली तेव्हा तिनं उठून अंग असं ताणलं, असं ताणलं, आणि घरभर पळाली. अकरा वर्षांची म्हातारी, पिल्लासारखी! मी एकटाच टाळ्या पिटत होतो. त्याच वेळी वकीलबाई कोट न्यायला आल्या.

चौदा सुटल्या, नऊ राहिल्या. काळ्या सुटांचं काम सध्या घेत नाही. सगळं दुकान पांढऱ्या केसांनी भरलंय, माझ्या चहातसुद्धा असतात.

कानामागची एक फार वाईट आहे. मानेच्या वर, जिथं ती डोकं टेकून झोपते तिथं. ती मी सगळ्यांत शेवटी ठेवलीय.

बाबा


४ मे

टाचणी,

मानेवरची गाठ काल सुटली. तीन दुपारी लागल्या. कागदावर आता एकही फुली नाही.

ती सोडवताना मी काय आठवत होतो ते तुला कळलं असणार. तू माझ्याहून हुशार आहेस, कदाचित तुला मार्चमध्येच कळलं असेल. मी हे पत्र आज तिसऱ्यांदा लिहितोय. पहिली दोन वरवरची झाली होती, फाडली.

दोन वर्षांपूर्वी तू नऊ दिवस त्या हवामान केंद्राच्या परीक्षेला गेली होतीस. आईला अंथरुणावर पाचवा महिना होता. जाताना तू माझ्या हातात कंगवा दिलास आणि सांगितलंस, रोज संध्याकाळी, बाबा, तिला कुशीवर वळवून, मागून. मी हो म्हणालो. दुकानात शाळांच्या गणवेशांचा ढीग होता. पहिल्या दिवशी वळवलं तर ती कण्हली. दुसऱ्या दिवसापासून मी वळवलं नाही. पुढून भांग पाडायचो, कानांवरून दोन हात फिरवायचो, वेणीचं टोक खांद्यावर आणून ठेवायचो. भेटायला येणारी माणसं म्हणायची, किती नीट ठेवलंय हो तुम्ही यांना. मी खूश व्हायचो.

नवव्या दिवशी उशी बदलायला मानेखाली हात घातला. मागचं सगळं एक झालं होतं. टाळूपासून मानेपर्यंत एकच ढेकूळ, नमद्यासारखं. आणि तू दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होतीस.

मी तुला सांगितलं, तिला दुखत होतं म्हणून कापले. खोटं. मी सांगितलं, तिनंच कापायला सांगितलं. तेही खोटं. तुला कळेल की मी नऊ दिवस नुसतं वरवर फिरवलं, या भीतीनं मी कापले. तिला विचारलं नाही. औषधानं तिला झोप लागली होती. मी कापडाची मोठी कात्री आणली आणि मानेपासून वर कापत गेलो. दोन मिनिटं लागली, डॉक्टरीणबाई म्हणतात तेवढीच.

ती जागी झाली तेव्हा मी ढेकूळ हातात घेऊन उभा होतो. तिनं हात मागं नेला. बराच वेळ हात तिथंच होता. तिचे केस म्हणजे तिला काय होतं, ते मला सांगायला नको आणि तुलाही नको. ती रडली नाही. मग म्हणाली, "उद्या टाचणी येईल. तिला सांगा, मीच सांगितलं होतं."

तिनं मला वाचवलं, आणि मी वाचलो. दुसऱ्या दिवशी तू तिला विचारलंस तेव्हा तिनं मान हलवली. तू माझ्याकडे बघितलंस. तुझा विश्वास बसला नव्हता, कारण तुझ्याकडून तिनं वचन घेतलं होतं की काही झालं तरी केसांना कात्री लागू देऊ नकोस. हे वचन मला तू जातानाच्या भांडणात कळलं. आणि मी तेव्हा काय म्हणालो? 'केस काय, वाढतात.' केस कापल्यानंतर ती एकोणीसच दिवस होती. एकोणीस दिवसांत केस किती वाढतात, ते मी तिच्या मानेवर रोज बघितलं.

ती सगळ्यांपुढे माझी बाजू घेऊन गेली आणि तिच्या आड मी दोन वर्षं लपून बसलो. तुला खोटारडी म्हणालो. मी चुकलो, टाचणी. तिच्याकडे चुकलो आणि तुझ्याकडेही.

ते ढेकूळ मी टाकलं नव्हतं. मलमलच्या फडक्यात बांधून बटणांच्या खणात मागे ठेवलंय. दोन वर्षं त्या खणात मागपर्यंत हात घातला नाही. आज काढलं. पीठ चोळलं आणि टोकाकडून सुरुवात केली.

तू यावंस म्हणून हे लिहिलं, असं समजू नकोस. पण नाही म्हटलं तर तेही खोटंच होईल. मी रोज दाराकडे बघतो.

बाबा


२ जून

चार मंगळवार गेले. टपालवाला आता मला लांबूनच हातानं नाही म्हणतो.

मी काही मागत नाहीये. बटण बरी आहे एवढं कळवायला लिहितोय. उकाडा वाढलाय, तर ती फरशीवर पोट टेकून पडते, चारही पाय पसरून, वाघाच्या कातड्यासारखी. रोज कंगवा करतो, मुळापासून, सूचना नंबर तीन. आता गुरगुरत नाही. कंगवा दिसला की स्वतः टेबलावर चढते, आणि उशीर झाला तर मला ओरडते.

मामाचा निरोप आला. अठ्ठावीसला सकाळी आठला येऊन टोपली घेऊन जाईल. टोपलीत ती जुनी चादर घालतो, तिच्या सवयीची आहे. तिची बशी, मलमलचे तुकडे आणि कंगवाही बरोबर देतो. धक्क्यावर वारा असेल, तिच्या डोळ्यांना लागेल तेवढं मामाला सांगून ठेवीन.

तिच्याशिवाय टेबलावर उन्हाचा चौकोन कसा दिसेल ते बघायचं धाडस मला नाही. म्हणून त्या दिवशी दुकान बंदच ठेवणार आहे.

बाबा


१७ जून

टाचणी,

कार्ड आलं. बोट वादळानं तीन आठवडे बेटाला लागलीच नव्हती, हे मला टपालवाल्यानं आज सांगितलं, आणि मी इकडे काय काय मनात घेऊन बसलो होतो. मूर्खपणा माझा.

दोनच ओळी आहेत. तरी मी दुकानातल्या उजेडात वाचलं, मग पायरीवर जाऊन वाचलं, मग वकीलबाईंना वाचायला दिलं, म्हटलं माझ्या डोळ्यांना काय दिसतंय ते बघा. त्यांनी मोठ्यांदा वाचलं. 'अकरावी सूचना रद्द. मांजर न्यायला मी घरी येते. टाचणी.'

मला आणखी काही नको होतं. तू माफ केलंस असं मी म्हणत नाही, ते तू आल्यावर तुझ्या सवडीनं बघ. नाही केलंस तरी चहा मिळेल.

मामाला कळवलंय. अठ्ठावीसला मी दुकान उघडंच ठेवतो. तुझी खोली झाडून घेतली, पण बटणनं आधीच पलंगावर ताबा मिळवलाय, तेव्हा चादरीवर केस असतील. तिच्या काखेतली रेघ आता शोधावी लागते. तिथले केस बोटभर वाढलेत.

आणि आईचे केस सुटले. शेवटची गुंत परवा दुपारी निघाली. सहा आठवडे लागले, रोज थोडं थोडं. कात्री एकदाही लागली नाही, टाचणी, एकदाही नाही. सगळे सुटण्यासारखे होते. टेबलावर सरळ पसरले आणि टेप लावली, साडेएकतीस इंच भरले. गिऱ्हाइकांची मापं लिहितो त्या वहीत तिचं पान कधी नव्हतं, ते आता उघडलं आणि वर तिचं नाव लिहिलं. केस नव्या मलमलमध्ये ठेवलेत. ते तुझे आहेत.

तू येशील त्या दिवशी सकाळी बटणला विंचरून ठेवीन. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. आलीस की आत हात घालून बघ.

बाबा